दया आणि दाद

गरिबाचे दुःख पडद्यावर आणताना त्याला नाव, गाव, स्वभाव द्यावा, की त्याला साऱ्या गरिबांचे प्रतीक करावे? वरवर हा कलेचा प्रश्न आहे. आम्हाला तो नीतीचा वाटतो. दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मनीत दोन चित्रपटांनी त्याला हात घातला आणि दोघे अगदी उलट्या दिशांना गेले.

पहिला फ्रित्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’, १९२७ सालचा. वर मालकांचे झगमगते शहर, खाली जमिनीच्या पोटात मजुरांची वस्ती. पाळी दहा तासांची, म्हणून भिंतीवर दहाच आकड्यांचे घड्याळ! माना खाली घातलेल्या मजुरांच्या रांगा आत जातात, तशाच रांगा बाहेर येतात. मालकाच्या मुलाला यंत्राच्या जागी माणसे गिळणारे जुने दैवत दिसते. मजुरांना बाबेलच्या मनोऱ्याची कथा सांगितली जाते. आपल्या वाचकाला इथे फिरऔन आणि हामान आठवतील. मनोरा योजणाऱ्याला आणि दगड ओढणाऱ्याला एकमेकांची भाषा कळेना, असे त्या कथेचे सार. हे दगड ओढणारे उभे करायला खरीखुरी गरजू माणसे आणून त्यांची डोकी भादरली होती. रूपक असे उभे राहिले.

शेवटी मालकाचा मुलगा मेंदू आणि हात यांच्यामधले हृदय होतो, मालक आणि मुकादम यांचे हात एकमेकांत देतो, आणि सिनेमा संपतो. मजुरी किती वाढली? पाळी किती तासांची झाली? यंत्र कोणाचे? यांपैकी काहीच आपल्याला कळत नाही. पुढे खुद्द लांगनेच या शेवटाला परीकथा म्हटले. पटकथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. घटस्फोटानंतर तिने बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी तेंडुलकर यांच्याशी गुपचूप लग्न केले होते, म्हणून हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. लांगने १९३३ मध्ये देश सोडला. ती मागे राहिली आणि नाझी पक्षात गेली. एवढ्यावरून तिच्या लेखणीतले ‘हृदय’ नाझी ठरवणे हा अन्याय होईल. पण ज्या समेटात मालकाला एक पैही सोडावी लागत नाही, तो समेट कोणत्या सत्तेला आवडणार नाही?

दुसरा चित्रपट ‘कूले वाम्पे’, १९३२ चा. दिग्दर्शक स्लातान दूदोव, लेखनात बर्टोल्ट ब्रेख्त. त्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांहून अधिक लोक बेकार होते. सुरुवातीलाच सायकलींवरून तरुण पोरे निघतात, एका फाटकावरून दुसऱ्या फाटकाकडे, जीव तोडून पॅडल मारत. काम कुठेच नाही. त्यांतला एक घरी येतो, आईबापांची बोलणी निमूट ऐकून घेतो. मग खिडकीशी जातो, मनगटावरचे घड्याळ सोडून जपून बाजूला ठेवतो, आणि उडी टाकतो.

घड्याळ का काढले? फुटू नये म्हणून. ते विकले तर घरात चार पैसे येतील. तो रडत नाही, कोणाला शिव्याशाप देत नाही. आम्हाला तर त्या अख्ख्या दशकातल्या भव्य रूपकांपेक्षा हे घड्याळ जड वाटते.

चित्रपटावर बंदी आली. सेन्सॉरच्या अधिकाऱ्याचा आक्षेप मोठा मार्मिक होता. हा मुलगा जिवंत माणूस वाटत नाही, नुसता नमुना वाटतो; एखाद्या विशिष्ट अभाग्याची कहाणी दाखवली असती तर हरकत नव्हती! ब्रेख्तने लिहून ठेवले आहे की आमच्या बाजूच्या समीक्षकांपेक्षा या गृहस्थाला आमचा चित्रपट अधिक कळला.

खरेच कळला होता. एकाचे दुःख असेल तर आपण त्याचा स्वभाव, त्याचे घर, त्याचे नशीब तपासतो, डोळे पुसतो, जमल्यास खैरात करतो. आत्महत्येची बातमी वाचून आपण काय विचारतो? घरात काही बिनसले होते का? पण तोच मुलगा हजारांतला एक म्हणून समोर आला की दया पुरत नाही, दाद मागावी लागते. सरकारने वटहुकूम काढून तरुणांचा बेकारभत्ता कापला होता, आणि चित्रपट त्या वटहुकुमाकडे बोट दाखवत होता.

तरीही एक सल राहतो. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यासाठी तो कधीच नमुना नसतो. त्याला हजारांतला एक म्हणणाऱ्याने तिच्या तोंडचा त्याच्या नावाचा हक्क काढून घेतला, असे तिला वाटले तर तिला काय सांगावे? ‘मेट्रोपोलिस’मधले मजूरही नमुनेच आहेत, फक्त त्यांना स्वतःचे असे काही करता येत नाही. ते राबतात, बिथरतात, आणि मालकाचा मुलगा त्यांना तारतो. ‘कूले वाम्पे’तला मुलगा निदान घड्याळ तरी काढून ठेवतो. हा फरक पुरेसा आहे का, यावर आमच्यातच एकमत नाही.

काटछाट होऊन १९३२ च्या मे महिन्यात तो बर्लिनमध्ये लागला. पुढच्याच वर्षी नाझींनी त्यावर पुन्हा बंदी घातली. त्यात शेवटी लोकल गाडीचा डबा आहे. भाव पडू नयेत म्हणून ब्राझीलमध्ये कॉफी जाळली, ही बातमी कोणीतरी वाचून दाखवतो आणि प्रवाशांत जुंपते. वाद चिघळत जातो, स्टेशन येते, लोक उतरतात. मधे पडून कोणी कोणाचे हात जुळवीत नाही.