सुंदर इमारत कोणाची?

नावडते पुस्तक मिटून ठेवता येते, नावडते चित्र भिंतीवरून उतरवता येते. इमारतीचे तसे नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि परवानगी न विचारता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत शिरते. म्हणून इमारत सुंदर आहे की नाही, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. तो नीतीचाही आहे, असे मला वाटते.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, तेवढाच माझा कलेशी संबंध. पण आमच्या नंदुरबारकडचा माझा एक विद्यार्थी मुंबईला वास्तुकला शिकतो. गेल्या सुटीत त्याने आपली वही दाखवली. वहीभर बोरीबंदरचे स्टेशन : कमानी, घुमट, दगडातली पाने, मोर, माकडे. पाने उलटता उलटता तो म्हणाला, "गुरुजी, हे पाहिले की हात शिवशिवतात. पण मग मनात येते, परक्या सत्तेने आपला रुबाब दाखवायला ही इमारत बांधली. तिच्यापासून स्फूर्ती घ्यावी की घेऊ नये?"

प्रश्न हसून उडवून देण्यासारखा नव्हता. त्या स्टेशनचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रजाचा, नाव व्हिक्टोरिया राणीचे. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान! कला निष्पाप असते, असे म्हणून हा सिंह झाकता येणार नाही.

परंतु त्याच इमारतीच्या अंगावर दुसरीही एक कथा आहे. तिच्या कोरीवकामाला मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात लागले. १८५७ साली निघालेली ती शाळा म्हणजेच आजचे सर जे. जे. स्टीव्हन्सचे नाव पुस्तकांत आहे; त्या मुलांपैकी एकाचेही नाव तिथून गाडी पकडणाऱ्याला ठाऊक नसते. मोराचा पिसारा कोरताना त्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय असेल? राणीचे राज्य? मला नाही तसे वाटत. त्याच्या डोळ्यांसमोर मोर असेल. आणि मोर काही इंग्लंडातून आला नव्हता.

अन्याय सौंदर्याने धुऊन निघत नाही. तसेच अन्यायामुळे सौंदर्य खोटेही ठरत नाही. शहाण्या माणसाने दोन्ही गोष्टी मनात जवळजवळ ठेवाव्यात. पुढे स्टेशनचे नाव बदलले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ साली त्यात 'महाराज' आले. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. पण या नोंदींच्याही आधी लोकांनी ते आपले करून टाकले होते. डबा सांभाळत धावणाऱ्या कारकुनाचे ते आहे, गठुडे घेऊन पहिल्यांदाच मुंबईत उतरलेल्या बाईचे आहे. इमारत बांधतो त्याच्या नावावर ती असते. वापरतो त्याची ती होते.

मग स्फूर्ती म्हणजे घ्यायचे तरी काय? घुमट उचलून नंदुरबारच्या एस. टी. स्टँडवर बसवला, तर ती उचलेगिरी होईल, आणि वर हसूही होईल. फोर्टमध्येच न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सची इमारत आहे, १९३६ सालची. तिच्या दर्शनी भिंतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी इथली कष्टकरी माणसे कोरली. इमारतीची तऱ्हा तेव्हा साऱ्या जगात चाललेली होती. माणसे मात्र आपली. स्फूर्ती म्हणतात ती ही.

आमचा जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, दवाखाने, शाळा लागतात. कुठेही गेले तरी सिमेंटचे तेच चौकोनी डबे दिसतात, आणि वैशाखात आत बसवत नाही. तिकडे सातपुड्यात भिल्ल-पावरा माणूस लाकडी खांब रोवतो, बांबूचा कुड माती-शेणाने लिंपतो आणि छप्पर भिंतीच्या पुढे आणून सावली करतो. त्याला कोणी पदवी दिलेली नाही. अक्कलकुव्याहून, धडगावहून कचेरीच्या कामाला आलेला हाच माणूस नव्या भिंतीशी तासन् तास उन्हात उकिडवा बसून राहतो. नकाशा काढणाऱ्याला तो दिसलाच नव्हता.

मी मुलाला म्हणालो, "बोरीबंदरचा मोर खुशाल मनात ठेव. पण पहिली इमारत आखशील तेव्हा तिच्या भिंतीशी कोण बसणार आहे, हे आधी विचार. जो पैसे देणार नाही आणि ज्याचे मत कोणी घेणार नाही, त्याच्यासाठी एक सावलीचा ओटा काढ. कोरीवकाम मागाहून."

दिवाळीत आपण पहिली पणती दारात, उंबऱ्याशी ठेवतो. तिचा निम्मा उजेड घरात येतो, निम्मा रस्त्यावर पडतो. आणि रस्त्यावरच्या उजेडाचा हिशेब कोणी मागत नाही. घर बांधणाऱ्याने एवढे जरी ध्यानात धरले, तरी गावे पुष्कळ सुंदर होतील.