घडणावळ

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याचं बिल घेतलं की त्यात सोन्याची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी असते. सोन्याचं वजन काट्यावर दिसतं. शुद्धतेसाठी हॉलमार्क असतो, तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय. त्यामुळे आई सोन्याच्या भावावर वाद घालत नाही, पण घडणावळीवर हमखास घासाघीस करते. कारागिराची मेहनत कुठल्या काट्यावर मोजणार?

पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून मी जळगावला परत आलो आणि स्वतंत्रपणे कन्सल्टिंग करू लागलो, तेव्हापासून माझं अख्खं बिल म्हणजे नुसती घडणावळ आहे.

नोकरीत हा प्रश्न पडत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जण टाइमशीटमध्ये चाळीस तास भरायचे. कुणी पंचवीस तास काम केलेलं असायचं, कुणी साठ. ते खोटं कुणा एकाचं नव्हतंच, सगळ्यांत वाटलेलं होतं, म्हणून कुणाला जड जात नव्हतं. शिवाय कंपनीचं नाव हाच आपला हॉलमार्क. बँकेत गेलो की पगारपत्रक दाखवायचं, विषय संपला. आता बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि नातेवाईक विचारतात, "मग सध्या घरीच का?"

खरी अडचण पैशांची नाही. एमआयडीसीतल्या एका डाळमिलवाल्या काकांना मालाच्या नोंदींचं काम करून हवं होतं. मी बारा तासांचा अंदाज दिला, तासाचा दर ठरला. एआयची मदत घेतली आणि काम तीन तासांत झालं. उरलेले नऊ तास कुणाचे?

माझे आहेत असं म्हणायला कारणं भरपूर. तीन तासांत काय मागायचं आणि आलेल्यातलं काय फेकून द्यायचं, हे कळायला मला सात वर्षं लागली. सगळं पटण्यासारखं आहे. पण बिलावर 'बारा तास' लिहिणं हे त्यातल्या एकाही कारणाने खरं ठरत नाही. मी जास्त पैसे मागू शकतो, जास्त तास सांगू शकत नाही. नोकरीत या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की त्या वेगळ्या आहेत हेच विसरायला होतं.

मी कामाची ठोक रक्कम लिहिली आणि किती वेळ लागला तेही सांगितलं. काका म्हणाले, "भाऊ, मी डाळीचे पैसे देतो, मशीन किती वेळ फिरलं त्याचे नाही." मला फार बरं वाटलं. पुढच्या कामाच्या वेळी मात्र त्यांनीच विचारलं, "हे पण तीनच तासांचं असेल ना?" आणि रक्कम निम्म्यावर आणली. खरं बोलण्याची किंमत ही अशी रोख मोजावी लागते.

कामासाठी धुळ्याला जाणं होतं. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचे आपले मूळपुरुषच. सुरुवातीची शिक्षकी सोडली ती कायमची, मग गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, पुढे एकूण बावीस निघाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. त्यांची गोष्ट सांगून लोकांना नोकरी सोडायला लावणं मला पटत नाही. पत्नी लवकर गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, गरजा अगदी कमी. त्यांच्या स्वातंत्र्यावर कुणाचं औषधपाणी अवलंबून नव्हतं. माझ्या स्वातंत्र्यावर आहे.

पण त्यांच्या कामातली एक गोष्ट मला लागू पडते. कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर एकटा माणूस मोडी कागद वाचतोय. एखादा शब्द बदलला असता तर कुणाला कळलं असतं? त्यांनी नुसते निष्कर्ष दिले नाहीत, मूळ कागदच छापले. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना त्यांच्याशी भांडता आलं, आणि ते भांडलेही. पाठीशी कंपनीचा शिक्का नसलेल्या माणसाला दुसरा कुठला हॉलमार्क मिळणार?

म्हणून आता बिलाबरोबर मी सगळा कोड देतो, कुठे एआय वापरलं तेही लिहून देतो. काका ते उघडतही नाहीत. परवा मात्र त्यांचा पुतण्या आला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि एकेक ओळ विचारायला लागला. हे असंच का, दुसऱ्या पद्धतीने का नाही? मी उत्तरं देत बसलो, चहा दोनदा झाला. चाळीस मिनिटं गेली. ती कुठल्या बिलात लावायची, हे अजून ठरलेलं नाही.