गाव कोणाचे?

आमच्या देवळामागे जो डोंगर आहे त्याच्या उतारावर एक मोठी गृहवसाहत होऊ घातली आहे. तिच्या संबंधाने मध्यंतरी ग्रामसभेत बराच वाद झाला. 'गाव वाढले पाहिजे' असे एक पक्ष म्हणाला. 'गाव टिकले पाहिजे' असे दुसरा. मी वकील म्हणून दोघांनीही माझ्याकडे पाहिले, आणि मला मान खाली घालावी लागली. त्याच उतारावरील तीन भूखंडांची खरेदीखते माझ्या हातची होती. त्यांत कायद्याची एकही चूक नव्हती. परंतु जे कायदेशीर ते सर्व उचितच असते काय? जांभ्या दगडाच्या त्या डोंगरात पावसाचे पाणी मुरते, पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने वर येते, आणि त्याच झऱ्यावर देवळाची तळी भरते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या होत्या. झऱ्याचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता.

गाव कोणाचे, हा प्रश्न गोमंतकाला नवा नाही. गावकारी ही संस्था पोर्तुगीजांच्याही पूर्वीची. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले. शेते लिलावाने कसावयास द्यावीत, आलेल्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती, देवकार्य व गावकीचे खर्च भागवावेत, आणि मग जे उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावे, असा तिचा क्रम होता. या क्रमात एक नीती आहे. आधी गावाचे देणे, मग आपला वाटा.

तथापि भूतकाळाचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकणे सचोटीचे नव्हे. गावकार तो जन्माने, आणि तोही पुरुषवंशाने. ज्या मुंडकाराने पिढ्यानपिढ्या भाटात राबून घाम गाळला, त्याला गावाच्या कारभारात शब्द नव्हता. स्त्रियांना तर नव्हताच. मुंडकाराला राहत्या घरातून हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा करावा लागला. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा संविधानात आली, आणि मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद ठरला. हा न्यायच झाला. परंतु अधिकार सर्वांना मिळाला, आणि त्याच्या आधी येणारे देणे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही. आजच्या साऱ्या गोंधळाचे मूळ मला येथे दिसते.

२००६ साली जाहीर झालेला प्रादेशिक आराखडा जनतेने आंदोलन करून २००७ साली मागे घ्यावयास लावला. ते योग्यच झाले. पण 'नको' म्हटल्याने नियोजन पुरे होत नाही. हवे ते काय, हे गावाने बसून ठरवावयाचे असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. माझ्या तीन पक्षकारांपैकी एकाने घरातील आजारपणासाठी जमीन विकली. ज्या गावाने त्याच्या अडचणीत हात दिला नाही, त्याने 'विकू नकोस' असे कोणत्या तोंडाने सांगावे? तसेच जो बाहेरून येतो तो सारा शत्रू, हेही मला मान्य नाही. आपल्यापैकी अनेकांच्या कुलदेवतांनीच एके काळी स्थलांतर केले आणि परक्या गावाने त्यांना जागा दिली, हे आपण विसरू नये.

मग गावपण कशात असते? साळावलीच्या धरणाखाली कुर्डी गाव बुडाले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तेथे जमतात. घरे नाहीत, शेते नाहीत; तरी आपण एकमेकांचे काही लागतो ही जाणीव उरली आहे. परंतु कुर्डीकरांना पर्याय नव्हता. आपण तर आपला झरा आपल्या हाताने बुजवावयास निघालो आहोत.

म्हणून माझे मत असे. गावाने प्रथम जे विकावयाचे नाही त्याची यादी करावी : झरा, बांध, मानस, देवराई. नंतर गावातीलच बेघरांना जागा द्यावी. त्यानंतर येणाऱ्याचे स्वागत करावे. मात्र तळीचा गाळ काढावयाच्या दिवशी त्यानेही आपल्यासोबत उतरावे, आणि आपणही उतरावे. जो हे देणे पत्करील तो गावकार, मग तो कालचा असो वा हजार वर्षांचा.

देवळात गाऱ्हाणे घालताना गावात असलेल्या आणि परगावी गेलेल्या सर्वांचे कुशल मागितले जाते. तेथे कोणी वंशावळ विचारीत नाही.

ग्रामसभेत मी माझ्या तीन खरेदीखतांची हकीकत उभा राहून सांगितली. चौथे लिहिण्यापूर्वी मी आधी झऱ्यावर जाऊन येईन.