बाजूला काढलेले नऊ फॉर्म

एक मुलगी गुन्हेगारी आणि न्याय हा विषय शिकत होती. संशोधन पद्धतीचा तास तिच्या विशेष आवडीचा. नमुना निवडणं, प्रश्नावली तयार करणं, तक्ते मांडणं यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

प्रबंधासाठी तिने कच्च्या कैद्यांचा विषय घेतला. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतल्या ४,३४,३०२ जणांचे खटले अजून निकाली निघायचे होते. एवढी माणसं आत का, हे तिला शोधायचं होतं.

परवानग्या मिळवण्यात कित्येक महिने गेले. मग ती तुरुंगात बसून एकेकाला विचारू लागली. सातवा प्रश्न होता, ‘जामीन मंजूर झाला आहे का? हो / नाही.’ साठांपैकी नऊ जण ‘हो’ म्हणाले. जामीन झालेला माणूस तुरुंगात कसा असेल? यांना प्रश्न कळला नसणार, असं धरून तिने ते फॉर्म बाजूला काढले.

प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहिला. “बेरीज एक्कावन्नच येते.”

“नऊ जणांची उत्तरं चुकली होती, बाई.”

“त्यांना परत विचारलंस?”

मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा तुरुंगात गेली.

पहिला भेटला तो बिगारी काम करणारा होता. त्याने खिशातून कोर्टाच्या आदेशाची प्रत काढली. उघडून-मिटून तिच्या घड्या विरल्या होत्या, मधली ओळ पुसली होती. पंधरा हजारांचा आकडा तेवढा शाबूत होता.

“जामीन झालाय, ताई. पण जामीनदार कुठून आणू? रेशनकार्डवाला भाऊ गावाला आहे. गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

मुलीने पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं.

तिच्या दोन चौकटींत हा माणूस मावत नव्हता, म्हणून तिने माणूसच वगळला होता. मोजणाऱ्याच्या हातून हे सहज होतं, आणि जो मोजला जात नाही त्याची दाद कुणी घेत नाही. खरं तर जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलं आहे.

हे तिने त्याला समजावून सांगितलं. मग विचारलं, “तुमचं नाव मी प्राधिकरणाच्या वकिलांना कळवू का?”

त्याने मान डोलावली. कागद पुन्हा त्याच घड्यांवर मिटला आणि खिशात ठेवला.

मुलीने पुढच्याला आत बोलावलं. अजून आठ जण होते.