‘निमगोरी’

विवाहविषयक माहितीपत्रकांत ‘वर्ण’ या शब्दापुढे ‘निमगोरी’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. वरवर पाहता हा शब्द मोठा सालस आहे. खोटे बोलावयाचे नाही आणि मुलीस सावळीही म्हणावयाचे नाही, अशा दोन इच्छांची त्यात तडजोड झालेली असते. परंतु हे वर्णन आहे की वजाबाकी, असा प्रश्न आम्हांस पडतो.

‘गव्हाळ’ म्हणताच गव्हाचा रंग डोळ्यांपुढे येतो; ‘सावळी’ या शब्दानेही एक विशिष्ट छटा सूचित होते. ‘निम’ म्हणजे अर्धे. हे पद फारसीतून आपल्याकडे आले. म्हणजे ‘निमगोरी’ हा शब्द मुलीचा रंग सांगतच नाही. दुसऱ्या कोणाच्या रंगास ती किती उणी पडली, एवढेच सांगतो. गव्हाळ मुलीस ‘निमसावळी’ असे कोणी म्हणत नाही. माप कोणत्या टोकापासून धरले आहे, हे यावरूनच उघड होते.

ज्या ‘गौर’ शब्दापासून ‘गोरा’ आला, त्याचे अमरकोशात पांढरा, पिवळा आणि तांबूस असे तीन अर्थ दिले आहेत. महाभारतातील द्रौपदीचे एक नाव कृष्णा, आणि तिच्या लावण्याविषयी कोणास शंका नाही. पंढरीच्या विठोबास भक्तांनी सावळाच म्हटले. त्याला निमगोरा ठरविण्याची गरज कोणास भासली नाही. देवाच्या बाबतीत आपली दृष्टी निर्मळ राहते. लेकीच्या बाबतीतच ती का गढुळावी?

यावर कोणी म्हणेल, हा शब्दच टाकून द्यावा. परंतु तेवढ्याने भागणार नाही. 2020 साली ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्यामुळे गोरेपणाची हाव ओसरली असे म्हणवत नाही. ‘निमगोरी’ गेली तर तिच्या जागी ‘उजळ’ येईल, आणि माप तेच राहील. दोष उत्तरात नसून मूळ प्रश्नात आहे.

ते माहितीपत्रक वरपक्षाच्या हाती पडण्यापूर्वी मुलगी स्वतः वाचते, आणि आपल्या वडिलांनीच आपल्याला अर्धे मोजले, हे तिला कळते. यास्तव वडिलांनी ती ओळ मुळीच लिहू नये, आणि वरपक्षाने तिच्याविषयी विचारू नये, असे आमचे मत आहे.