डावांतील मौन

पोकर हा अमेरिकेंत वाढलेला पत्त्यांचा खेळ. पण त्यांत उद्भवणारा नीतीचा एक प्रश्न विचार करण्याजोगा आहे. हलक्या पानांवरहि बेधडक पैसे चढविणारा प्रतिपक्षी समोर आला, म्हणजे जाणता खेळाडू स्वतः थापा मारण्याचें सोडतो; पानें उत्तम असूनहि गप्प बसतो व त्याला खुशाल रक्कम लावूं देतो. हें मौन कपट नव्हे काय?

हिशेब उघड आहे. मध्यें १०० डॉलर असतां त्यानें आणखी १०० लावले, तर आपण १०० घालून २०० मिळवूं पाहतों. तीन वेळांत एकदां जिंकलों तरी तोटा नाहीं. त्याच्या थापा याहून अधिक असल्या, तर मध्यम पानांवरहि टिकून राहावें. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथांत थाप ही खेळाचें रीतसर अंगच मानलेली आहे. सर्वांनीं आधींच मान्य केलेली लपवाछपवी आम्हीहि असत्य म्हणणार नाहीं.

परंतु धाडस हेंच ज्याचें धोरण तो, आणि गेलेलें भरून काढण्याच्या नादांत ज्याचें भान सुटलें तो, हे दोघे मेजावर सारखेच दिसतात. दुसऱ्याची संमति केव्हांच संपलेली असते. युधिष्ठिर पणामागून पण लावीत सुटला, तेव्हां विदुरानें सभेंत निषेध केला. शकुनि फांसे टाकीतच राहिला. असा मनुष्य ओळखूं आला, तर आमच्या मतें पानें ठेवून उठावें. इतर त्याला लुटतीलच, असें कोणी म्हणेल. लुटतील, पण त्यामुळें आपला वांटा न्याय्य होत नाहीं.