उतार कुणाला पडला?

कळंब तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. मग चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते; तीत भाविक चुनखडी वेचतात. पुढचा संवाद त्या यात्रेनंतरचा. डॉक्टर आणि आशाताई कल्पनेतले आहेत, पेच नाही.

डॉक्टर : ताई, त्या कंबरदुखीवाल्या मावशींचा आकडा सातावरून सहावरच आला. दुखण्याला शून्य ते दहा आकडा देतात ना, तो. २००१ साली २,७०० हून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं, की साधारण २ अंक किंवा ३० टक्के उतार पडला तर माणूस स्वतःच ‘बराच फरक आहे’ म्हणतो. इथं तेवढा नाही. औषध लागू पडलं नाही म्हणायचं.

आशाताई : पण साहेब, यात्रेत चुनखडी वेचायला वाकली की ती! मागल्या साली नुसती उभी राहून बघत होती.

डॉक्टर : ते गोळीनं, की काही दिवस उसाची मोळी उचलली नाही म्हणून? शिवाय दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच माणूस दवाखान्यात येतो. ते औषधाशिवायही थोडं उतरतंच, श्रेय आपण घेतो.

आशाताई : मग खरं कळायचं कसं?

डॉक्टर : औषध न घेणाऱ्या तशाच बायकांशी ताडून. शेकडो बायका लागतील, आणि कळेल ती सरासरी. या मावशींचं नाहीच कळणार.

आशाताई : त्यापरीस फडात गेल्यावर विचारा.

डॉक्टर : म्हणजे तपासण्यासाठी पुन्हा मोळी उचलायला लावू?

आशाताई : लावणारे तुम्ही कोण? आगाऊ घेतलेली उचल मुकादमाची. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली तर कोयता अर्धा, अन् फिटायचं तेवढंच.

(रोजची कामं जमू लागणं हे माप मला आकड्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं. पण ज्या कामानं कंबर मोडली तेच रोजचं काम असेल, तर हे माप कुणाच्या बाजूनं बोलतं?)

डॉक्टर : ती मोळी घेऊन ट्रॉलीवर चढली, की कागदावर मी यशस्वी. कंबरेचं मात्र वाटोळं. आणि उन्हात, कमी पाण्यावर रोज वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर मूत्रपिंडाचंही.

आशाताई : ती तर कोयत्याचं मागतच न्हाई तुमच्याकडं. रातीला कूस बदलता येऊ दे, म्हणती.

डॉक्टर : झोपेचं मला नाही बोलल्या.

आशाताई : तुम्ही आकडा मागितला, तिनं आकडा दिला. त्यो बी एकानं कमी करून, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

डॉक्टर : मग नोंदवहीत काय लिहू?

आशाताई : झोप लिहा. अन् दसऱ्याला परत बोलवा, तवर उचल घेतली का न्हाई ते कळंल.

डॉक्टर : घेतली असली तर?

आशाताई : तर सहा महिन्यांच्या गोळ्या मागंल. द्यायच्या का न्हाई, ते आत्ताच ठरवून ठेवा.